मोहाचा हंगाम

अक्कलकुवा, चैत्र.

मोलगीच्या वाटेवर पहाटेपासून बायका-पोरं मोहफुलं वेचताहेत. फुलं वाळवून मडक्यात पाण्यात भिजत घालतात. घरी बिअर करणारे माझे शहरातले मित्र यीस्टची पाकिटं मागवतात. इथे फुलांवरचेच सूक्ष्मजीव त्यातली साखर आंबवतात. मग भट्टी, वाफ, गार पाणी आणि धार. देवमोगऱ्याच्या यात्रेत याहामोगी देवीला हीच दारू वाहतात.

१९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे फुलांवरही बंधनं होती, २०२१मध्ये ती सैल झाली. फार उशिरा, असं मला वाटतं. दारूने मोडलेली घरं इथेही आहेत. तरी फूल वेचणं गुन्ह्याच्या सावलीत का राहावं? बंधनं सैल झाली तरी एक अडचण उरतेच: पावसाळ्यात फुलांचा भाव चढतो, पण अनेकींना ती आत्ताच विकावी लागतात.