तुटलेल्या स्टडचं तोंड

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड तुटला की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "निघेल ना?" बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. हातात पाना घेण्याआधी छोटा आरसा आणि बॅटरी घेतो, तारेच्या ब्रशने काजळी काढतो आणि तुटलेल्या जागेचं तोंड नीट बघतो. पुढचं अर्धं काम त्या तोंडावरच ठरतं.

तोंड सपाट, बरंचसं काळं आणि एका कडेला चंद्रकोरीसारखा चकचकीत भाग असला, तर स्टड थकून तुटलाय. चीर कडेला पडली, महिनोन् महिने आत सरकत गेली आणि उरलेली कोर एक दिवस सुटली. असा तुकडा बहुतेक वेळा सहज निघतो. वरचा भाग गेल्यामुळे त्याच्यावर ओढ उरलेली नसते. कधीकधी टोकदार पंचाने कडेला हलके हलके ठोकताच तो फिरतो. पण तोंड सगळं ताजं, उजळ आणि पिळल्यासारखं दिसलं, तर समजायचं की हा पान्याखाली तुटलाय. नट सुटेना म्हणून कोणीतरी पाइप लावून जोर केला, नट जागचा हलला नाही आणि स्टडची मान मुरगळली. नट जाम होता हे उघडच आहे, पण खाली हेडमधले आटेही जाम असण्याचा संभव मोठा. गाडी दुसऱ्या गॅरेजातून टो होऊन आली असेल तर बहुधा हाच प्रकार असतो. कोणी केलं ते मी विचारत नाही, विचारून तुकडा निघत नाही.

टोकाचेच स्टड जास्त का तुटतात, हे नव्या पोरांना मी हिशोब करून सांगतो. मॅनिफोल्ड बिडाचं. हातभर लांब, म्हणजे ४० सेंटिमीटर धरा. पूर्ण भारात ते ५०० अंशांच्या वर तापतं आणि लांबीत साधारण दोन मिलिमीटर वाढतं. हेडमध्ये पाणी फिरतं, ते शंभरच्या आसपास राहतं, त्यामुळे तितकं वाढत नाही. दोघांत जो फरक पडतो तो आठ मिलिमीटरच्या स्टडने सोसायचा. मधल्या स्टडला त्याचं फारसं काही नसतं, टोकाचा मात्र प्रत्येक वेळी थोडा वाकतो आणि परत सरळ होतो. म्हणून मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात, म्हणजे ते सरकू शकेल. नट जरुरीपेक्षा जास्त आवळला की ते सरकणं बंद. "फिट्ट बसवा हो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं.

आमचं गॅरेज रत्नागिरीत, म्हणजे समुद्राची हवा बारा महिने. मिरकरवाड्यावरून मासळी भरून येणाऱ्या गाड्यांच्या खालून बर्फाचं खारं पाणी ठिबकत असतं. त्याच गाड्या आंबा घाट चढतात, मॅनिफोल्ड तापून निघतं आणि पावसाळ्यात त्यावर रस्त्यावरचं पाणी उडतं. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून आटे आतल्या आत चेपले जातात. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर त्याच्यात खारट ओल शिरून पांढरी भुकटी धरते. ती गंजापेक्षा चिवट.

स्टड गेल्याचं गाडी आधीच सांगत असते. सकाळी थंड इंजिनला टिक टिक टिक, आणि पाच-दहा मिनिटांनी आवाज गायब. मॅनिफोल्ड तापून फुगतं आणि फट मिटते. लोक टॅपेट म्हणून गाडी आणतात, टॅपेट सेट करून घेतात, दुसऱ्या दिवशी सकाळी टिक टिक आहेच. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा फराटा दिसला की निदान झालं. दुर्लक्ष केलं तर त्या फटीतून गॅस आत येतो, आणि काच बंद करून एसी लावून बसलेल्याला कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

तर जाम तुकडा काढायचा कसा? मारुती ८०० चं हेड समजा. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅम्बेसेडरच्या बिडाच्या हेडला आम्ही गॅस लावून लाल करायचो. इथे तो धीटपणा चालत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन बजावत नाही. रंग न बदलता ते एकदम बसतं, आणि मग स्टड राहतो बाजूला, हेडच जातं. पण याच अ‍ॅल्युमिनियमचा एक गुण आपल्या कामाचा आहे: तापल्यावर ते स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवतो. सकाळी बॅटरीचा निगेटिव्ह काढून तुकड्याच्या तोंडावर वेल्डिंगचा एकेक थेंब चढवायचा. तो स्टीलला धरतो, अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. उंची वर आली की त्यावर वॉशर, वॉशरवर जरा मोठा नट, आणि नटाच्या पोटात वेल्ड भरायचा. नट फक्त धरायला. खरं काम वेल्डची उष्णता करते, ती स्टडच्या गाभ्यातून खाली उतरून गंजाची पकड मोडते.

लाली गेली, पण अजून हात लाववत नाही, अशा वेळी नटाच्या बुडाशी मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, डोळ्यांदेखत गायब होतं. मग रिंग पाना. आधी आवळायच्या दिशेला केसभर, मग सोडायच्या. वेल्डवर आणि हेडवर खडूची एक सरळ रेघ मारलेली असते.

"उस्ताद, हलला!" पोरगा ओरडतो.

"हलला का पिळला? रेघ बघ."

हाताला दोन्ही सारखंच वाटतं. पण स्टड खरा फिरतो तेव्हा चर्र असा कोरडा आवाज येतो आणि पाना जिथे सोडला तिथेच राहतो. पिळत असेल तेव्हा आवाज नाही, आणि हात सैल केला की पाना रबरासारखा मागे येतो. तिथे थांबायचं. वेल्ड तुटला तर पुन्हा घालायचा, प्रत्येक खेपेला उष्णता आत जाते, तीही फुकट जात नाही. चर्र ऐकू आलं तरी घाई नाही: पाव फेरा पुढे, थोडा मागे, मध्ये तेल.

एवढं करून नाही निघाला तर ड्रिल. त्याआधी ईझी-आउटबद्दल माझं मत सांगून टाकतो: माझ्याकडे तो आहे, आणि पेटीच्या तळाशीच बरा. ज्या स्टडला वेल्ड केलेल्या नटाने दाद दिली नाही, तो आत भोक पाडून घुसवलेल्या पाचरीला काय देणार? उलट पाचरीने तुकडा बाहेरच्या बाजूला फुगतो आणि आणखी घट्ट बसतो. ईझी-आउट कडक असतो, म्हणून आतच मोडतो, आणि मग त्याला साधं ड्रिल लागत नाही. अशी हेडं आम्ही कोल्हापूरला स्पार्क इरोजनवाल्याकडे धाडतो. तिथे तांब्याचा इलेक्ट्रोड तुकड्याला न टेकता ठिणग्यांनी पोलाद खात जातो. काम देखणं होतं, पण हेड उतरवायची मजुरी, पाठवणी, नवं गॅस्केट, सगळं गिऱ्हाइकाच्या माथी.

ड्रिलमध्ये मध्य गाठणं हेच सगळं. तुटलेलं तोंड खडबडीत, ड्रिल मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे सरकायला टपलेलं. म्हणून लेथवाल्याकडून एक बुश करून घेतो: बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकाएवढा, आत चार मिलिमीटरचं भोक. मॅनिफोल्ड उरलेल्या स्टडवर परत चढवायचं, भोकात बुश घालायचा आणि त्यातून ड्रिल चालवायचं. ड्रिल उलट्या पिळाचं असेल तर उत्तम. पुष्कळदा भोक पडता पडता तेच तुकडा बाहेर काढतं. नाहीतर टप्प्याटप्प्याने ६.८ पर्यंत जायचं आणि आट्यांत उरलेली पोलादाची तार सुईने ओढून काढायची.

आटेच खराब झाले असतील तर ८.३ चं भोक, हेलिकॉइलचा टॅप आणि स्टेनलेस तारेची गुंडाळी. गुंडाळीची शेपटी तोडून बाहेर काढायला विसरायचं नाही. काही इंजिनांत हे भोक पाण्यापर्यंत आरपार जातं, तिथे आट्यांना सीलंट हवं. हेलिकॉइल म्हटलं की गिऱ्हाइकाला जुगाड वाटतो. मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा तो मजबूत असतो.

नवा स्टड हाताने बसवायचा, नटाला तांब्याची पेस्ट, आणि टॉर्क पाना कंपनीच्या आकड्यावर. आठच्या स्टडला तो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरमध्ये येतो, म्हणजे आपल्या हाताला फारच सैल वाटेल असा.

पण मॅनिफोल्ड चढवण्याआधी त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवतो आणि खालून फीलर गेज घालतो. गेज टोकाला सरळ आत गेला की गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतो. तोंड वाकडं आहे, असंच चढवलं तर नवा स्टडही आवळतानाच वाकेल, आणि वर्षभरात याच कोपऱ्यातला परत तुटेल. तोंड ग्राइंड करून घ्यायचं तर गाडी आणखी एक दिवस राहणार. बहुतेक जण म्हणतात, "आत्ता तर चढवा, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." मग मी बिलावर तसं लिहून खाली त्यांची सही घेतो.