खोटा दीनार

आमच्या घरी दर रमजानला जकातीचा हिशेब होतो. चांदीचा निसाब दोनशे दिरहम, हे अब्बांनी लहानपणीच पाठ करून घेतले होते. पण हा दिरहम ग्रीकांच्या द्राख्मावरून आणि दीनार रोमनांच्या डेनारियसवरून आला, हे मला फार उशिरा कळले. गंमत म्हणजे डेनारियस चांदीचा आणि दीनार मात्र सोन्याचा. हे वाचल्यापासून एखादा तरी डेनारियस जवळ असावा असे वाटू लागले.

तो मिळाला मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात. सम्राट टायबेरियसचा, म्हणजे इ.स. १४ ते ३७ मधला. एका बाजूला डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला राजदंड धरून बसलेली स्त्री. ऑगस्टस आणि टायबेरियस यांची अशी नाणी दक्षिण भारतात पुरलेल्या ठेवींतून मोठ्या संख्येने सापडली आहेत. मिरी न्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर ती इकडे आली. त्यामुळे दुकानदाराची गोष्ट पटली. आधी भिंग काढायचे असते. मी आधी पाकीट काढले.

मामूंनी नाणे पाहून नाक मुरडले. "ये बुतां घर में कायको?" मी म्हटले, खलिफा अब्दुल मलिकने हिजरी ७७ मध्ये दीनारावरचे चेहरे हटवून नुसती अक्षरे आणली, तोवर मुसलमानांच्या बाजारातही चेहऱ्यांची नाणी चालतच होती. मामू गप्प बसले. पटले असे नाही.

शंका आली ती ओळखीच्या सराफाकडे. काटा ३.१ ग्रॅमवर थांबला. टायबेरियसचा डेनारियस साधारण पावणेचार ग्रॅमचा. झीज धरावी, तर सम्राटाचे नाक अगदी शाबूत. घरी येऊन भिंग लावले. ठशावर घण मारून पाडलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा धारदार असतात, धातू बाहेर सरकल्याच्या रेषा दिसतात, काठ कधी तडकलेला असतो. माझ्या नाण्यावरची अक्षरे चोखलेल्या बत्ताशासारखी, आणि सम्राटाच्या कानाखाली सुईच्या टोकाएवढा खड्डा. ओतताना हवा अडकली की असे खड्डे राहतात. काठावर दोन साच्यांची शिवण होती, ती कानशीने घासलेली.

रोमनांनाही हा ताप होताच. तांब्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेली नाणी बाजारात येत. इ.स.पू. ८५ च्या सुमारास मारियस ग्रॅटिडियानस या अधिकाऱ्याने नाणी पारखण्याची व्यवस्था केली, तेव्हा लोकांनी खूश होऊन गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभारले. संशय आला की नाण्याला खाच पाडून आतला धातू बघत. अशी खाच मिरवणारी अस्सल नाणी आजही मिळतात. बिचाऱ्यांना खरे असूनही जखम सोसावी लागली.

त्याच आठवड्यात ओळखीचा एक मुलगा आला. त्याच्याकडे टायबेरियसचे एक नाणे होते, मित्रासाठी दुसरे हवे होते. मी मोजले तेवढेच पैसे द्यायला तयार. लेकीची फी भरायची होती. "उद्या ये," म्हणालो आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. धान्याच्या ढिगात हात घालणारे पैगंबरसाहेब (स.) आठवले. आत ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला, तेव्हा त्यांनी विचारले होते, मग भिजलेले वर का ठेवले नाहीस?

सकाळी सराफाकडून काठावर खाच पाडून घेतली. आत पिवळेधमक पितळ.

मुलगा आला. मी नाणे आणि भिंग त्याच्यासमोर ठेवले, खाच दाखवली, कानाखालचा खड्डा दाखवला. तो बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. मग खिशातून एक छोटी डबी काढून त्याने स्वतःचे नाणे शेजारी ठेवले. त्याच जागी, कानाखाली, तोच खड्डा.