रांगेतला आमचा नंबर

ईदनंतरच्या रविवारी आम्ही सगळे मनोरंजन उद्यानात गेलो. धाकटा अकरा वर्षांचा, स्वमग्न. पाळणे त्याला फार आवडतात. रांग मात्र सोसत नाही. गर्दी आणि भोंग्याचा आवाज वाढला की कानांवर हात ठेवून खाली बसतो. पहिल्याच पाळण्याजवळ तेच झाले. मागून कोणीतरी म्हणाले, "पोराला जरा वळण लावा!" मान खाली घालून आम्ही रांगेबाहेर आलो. घरी परतायचेच ठरत होते.

तेवढ्यात थोरली म्हणाली, "अब्बा, तुम्ही रांगेत थांबा. आम्ही सावलीत बसतो. नंबर आला की फोन करा." तिथल्या कर्मचाऱ्याला दिव्यांग ओळखपत्र दाखवून विचारले. तो लगेच "चालेल" म्हणाला. आम्ही कोणाचा नंबर मारला नाही, आपला सोडलाही नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नताही आहे. शाळेत इतर पालकांना आम्हीच हे समजावतो. स्वतःच्या मुलासाठी विचारायला मात्र लाजत होतो.

पाळण्यावरून उतरताच धाकटा म्हणाला, "अजून!" त्याचे अब्बा पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.