पंचवीस तारखेचें दूध

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील (२०२४ पूर्वींचें हें अहमदनगर) संगमनेर तालुक्यांत एका लहानशा दूधसंस्थेचा हिशेब संगणकावर चढविण्याचें काम मीं हौसेनें पत्करलें. निवृत्त गणिताच्या मास्तरास रिकामा वेळ पुष्कळ, आणि अभिमान त्याहूनहि पुष्कळ! पहिल्या रकान्यांत सभासदाचें नांव, पुढें दर तारखेस एक रकाना, अशी माझी मांडणी होती. कोष्टकाचे रकाने ओळखावयाचे ते इंग्रजी अक्षरांनीं. म्हणून रकान्याच्या आंकड्यावरून त्याचें अक्षर काढणारा चार ओळींचा प्रोग्रॅम मीं लिहिला, आणि लिटरांचे आंकडे आपोआप जागच्या जागीं पडूं लागले.

दुधाच्या दहा दिवसांच्या पैशांस इकडे पगार म्हणतात. पहिले दोन पगार बिनबोभाट गेले. तिसरा वाटला त्याच्या दुसऱ्या दिवशीं एक म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "मास्तर, पंचीस तारखेला माझ्या म्हशीनं एकादस धरली व्हती का?"

तिला अक्षरओळख नाहीं. घातलेलें दूध ती भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून मोजते, आणि त्या रेघांत पंचवीस तारीख होती. मीं तिला समजाविलें, कीं संगणक चुकत नसतो. तें वाक्य आठवलें म्हणजे अजून कान तापतात.

तिच्या पाठोपाठ आणखी चौघे आले, तेव्हां कोठें मीं कोष्टक उघडलें. सगळ्याच सभासदांचें २५ तारखेचें दूध नाहींसें झालें होतें. २४ चें जागेवर, २६ चेंहि जागेवर!

नांवाचा रकाना धरून २५ तारीख येते २६ व्या रकान्यांत, म्हणजे 'झेड'च्या घरीं. मी २६ नें भागून भागाकार व बाकी यांवरून अक्षरें काढीत होतों. २७ ला भागाकार १, बाकी १. 'एए' हें उत्तर बरोबर. २६ ला मात्र भागाकार १ आणि बाकी शून्य. आणि शून्याला अक्षर कोठलें? संगणकाच्या वर्णक्रमांत 'ए' ६५ वर आहे. त्याच्या आधीं ६४ वर, ई-मेलच्या पत्त्यांत येते ती वेटोळी खूण बसलेली. माझ्या प्रोग्रॅमनें 'ए'ला ती खूण जोडून रकाना मागितला. असा रकाना त्रिभुवनांत नाहीं. आणि अडचण आल्यास गुपचूप पुढें जावें, ही आज्ञा मींच देऊन ठेविली होती!

आपल्याकडील कटपयादि पद्धतींत ञ आणि न यांस शून्य मानिलें आहे, म्हणून तींत कोणतीहि संख्या अक्षरांत गुंफतां येते. रकान्यांच्या अक्षरांत शून्य मुळींच नाहीं. 'झेड'नंतर थेट 'एए', आणि 'झेडझेड' हा ७०२ वा. तेव्हां उपाय एवढाच, कीं दर वेळीं भागण्यापूर्वीं एक वजा करावा, मग बाकी शून्य आल्यास 'ए' लिहावा. २६ तून एक गेला, २५ उरले. भागाकार शून्य, बाकी २५, तोच 'झेड'. जुन्या एक्सेलचा शेवटचा, २५६ वा रकाना 'आयव्ही'. तोहि या रीतीनें चोख उतरतो. पंधरा मिनिटांत दुरुस्ती झाली.

म्हातारीचे पैसे द्यावयास मी स्वतः गेलों. तिनें ते दोनदां मोजले, कोळसा उचलून पंचविसाव्या रेघेवर आडवी रेघ ओढली, आणि चहाचें आधण ठेविलें.