विलार्डचे घड्याळ आणि झाडीपट्टी

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या १९७९ सालच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटात नायक कॅप्टन विलार्डच्या मनगटावर सेइको कंपनीचे ६१०५ हे पाणबुड्यांसाठी घडवलेले घड्याळ दिसते, ज्याच्या कडेचा फुगवटा चारच्या आकड्याजवळील चावीला, म्हणजे काटे फिरवण्याच्या बोंडाला, आडोसा देतो. याच घडणीची स्वस्त घड्याळे आज निघतात. मूळ कंपनीचे नाव न लावता केवळ आकार उचलणाऱ्या अशा घड्याळाला बनावट म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, ताडोबात किंवा भामरागडच्या रानात, भरपावसात पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला, तसेच उन्हाळ्यात झुंजुमुंजू होण्याआधी तेंदूपत्ता तोडायला निघणाऱ्या मजुराला, काचेआत वाफ न धरणारे, अंधारात काटे दाखवणारे आणि खिशाला परवडणारे घड्याळच खरे उपयोगाचे. सेइकोचे ते मूळ घड्याळ व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांनीही असेच उपयोगासाठी, पदरचे पैसे मोडून घेतले होते.