कात्री कुठे लावायची

लिब्रेऑफिसवर आज काम करणाऱ्या मुलांना सांगूनही खरं वाटत नाही, की २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळं होताना हा कोड विसेक रिपॉझिटरींत वाटलेला होता. रायटर वेगळा, कॅल्क वेगळा, लिब्स-कोअर, फिल्टर्स वेगळे. मांडणी देखणी होती, आणि देखण्या मांडणीचा मला मोह आहे. माझ्या रेपोंची नावं एका वळणाची झाली की मी ती यादी उगाच बघत बसतो.

पण बग वाटणीला जुमानत नाहीत. लिब्स-कोअरमधल्या एका फंक्शनला पॅरामीटर वाढवा, की ते जिथे जिथे वापरलंय त्या सगळ्या रेपोंत हात घालावा लागतो. बदल एक, कमिट चार. आणि ते चार एकमेकांचे आहेत हे गिटच्या गावीही नसतं. मग बायसेक्ट लावताना रायटरच्या या कमिटसोबत लिब्स-कोअरचा कुठला धरायचा? पुढे सगळं 'कोअर' या एका रेपोत आलं, इतिहासासकट. शब्दकोश, मदत आणि भाषांतरं तेवढी सबमॉड्यूल म्हणून बाहेर राहिली. ते मला पटतं. तिथे राबणारी माणसं वेगळी, आणि त्यांचा नेमका कमिट कोअरमध्ये नोंदलेला असतो.

हल्ली शिकायला येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, ही अट इथे का आहे?" ब्लेम लावत मागे गेलो. आधी मूळचा जर्मन शेरा इंग्रजीत आणणारा कमिट, त्यामागे लिब्रेऑफिसच्या आमच्याच फोर्कमधला फाइल हलवणारा कमिट, आणि तिथे माग संपला. गिट हलवल्याची नोंद ठेवत नाही, मजकुरातलं साम्य बघून ताडतं. कुणीतरी हलवताहलवता सगळी फाइल नव्याने मांडली होती. आता आमच्याकडे हलवण्याचा कमिट स्वतंत्र, त्यात एक स्पेसही बदलायची नाही.

टारबॉल उघडून 'इनिशियल कमिट' लिहिणाऱ्यांचा मला संताप येतो. वीसवीस वर्षांची माणसांची कारणं ते एका ओळीत पुसतात.

फोर्कमधले पॅच मात्र अजून छळतात. रीबेस केले तर ओळ सरळ दिसते, पण जुने हॅश जातात; मर्ज केले तर खरं राहतं आणि गुंता वाढतो. मूळ प्रकल्पात पाठवून देणं हाच उपाय, तो मी इतरांना सांगतो. देवनागरीचा माझा एक पॅच मात्र अजून पाठवलेला नाही. तो तिकडे गेला की आमचा फोर्क ओळखला जाईल असं त्यात फारसं काही उरत नाही.