अठ्ठावन्न विजय, एकोणीस पराजय

२००३ साली वर्षभराच्या अभ्यासरजेवर मी अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या राजधानीत, लिंकनमध्ये राहत होते. तिथला फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. चेंडू लंबगोल असतो, बहुतेक वेळ तो हातातच असतो आणि पायाचे काम अधूनमधूनच पडते. परंतु तेव्हा वीस लाखांहूनही कमी वस्तीच्या त्या राज्यात मोठा व्यावसायिक संघ एकही नसल्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ. तेथील मेमोरियल स्टेडियमची तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. सामन्याच्या शनिवारी सारे गाव लाल कपड्यांत बाहेर पडे आणि रविवारी प्रशिक्षकाची झडती सुरू होई.

माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी साहित्य शिकवले होते. खेळाचे नियम मी त्यांच्याकडूनच शिकले. फ्रँक सोलिच या प्रशिक्षकाविषयी त्यांची तक्रार एका वाक्यात मावत असे : ‘टॉम असता तर असे झाले नसते.’ टॉम म्हणजे टॉम ऑस्बॉर्न. ते निवृत्त झाले त्याला सहा वर्षे होत आली होती. तरी प्रत्येक पराभवानंतर, आणि कित्येकदा विजयानंतरही, त्यांचे नाव निघे. मराठीच्या विभागात वाढलेल्या मला हे वाक्य परके वाटले नाही. ‘सर असते तर’ हे आपल्याकडचे त्याचे रूप मी पुष्कळदा ऐकले होते.

त्या वर्षी २८ नोव्हेंबरला नेब्रास्काने कोलोरॅडोला हरवले. हंगामात नऊ विजय आणि तीन पराजय झाले. दुसऱ्याच दिवशी सोलिच यांना काढून टाकण्यात आले. सहा हंगामांत त्यांच्या नावावर ५८ विजय आणि १९ पराजय होते. २००१ च्या हंगामात त्यांचा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना खेळला होता. तक्रारी निराधार होत्या असे मात्र नव्हे. तो अजिंक्यपदाचा सामना मायामीने ३७–१४ असा सहज जिंकला होता; २००२ साली तर सात विजय आणि सात पराजय अशी बरोबरी झाली होती. बलाढ्य संघांपुढे हा संघ कोसळतो, या म्हणण्यात तथ्य होते. प्रश्न होता तो मापाचा.

ते माप ऑस्बॉर्न यांनी घालून दिले होते. १९७३ ते १९९७ या पंचवीस हंगामांत २५५ विजय, ४९ पराजय, ३ बरोबरी. एकाही हंगामात नवाहून कमी विजय नाहीत. अखेरच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे. या आकड्यांशेजारी कोणालाही उभे केले तरी तो खुजाच दिसणार. पण एका संध्याकाळी ग्रंथालयात जुन्या हंगामांच्या नोंदी चाळताना मी सहज एक बेरीज केली. ऑस्बॉर्न यांचे पहिले सहा हंगाम : ५५ विजय, १६ पराजय, २ बरोबरी. म्हणजे सेवेच्या त्याच टप्प्यावर दोघांत फारसे अंतर नव्हतेच! पहिली पाच वर्षे ऑस्बॉर्न दरवर्षी ओक्लाहोमाकडून हरले होते, आणि ‘मोठा सामना याला जिंकता येत नाही’ हा आरोप त्यांच्यावरही झाला होता. त्यांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद बाविसाव्या हंगामातले आहे.

सोलिच यांची तुलना ऑस्बॉर्न यांच्याशी होत होती असे आपण म्हणतो खरे. प्रत्यक्षात ती ऑस्बॉर्न यांच्या शेवटाशी होत होती. साहित्याच्या अभ्यासकांना ही चूक ओळखीची असावी. नव्या कवीचा पहिला संग्रह आपण पूर्वसूरींच्या पहिल्या संग्रहाशेजारी क्वचितच ठेवतो. आपण त्यांची निवडक कविता हाती घेतो. त्यातून त्यांच्या कच्च्या कविता आधीच गळालेल्या असतात.

याच्या उलट बाजूचीही नोंद केली पाहिजे. सोलिच यांच्यानंतर आलेले बिल कॅलहन चार वर्षांत गेले. मग बो पेलिनी यांनी सात वर्षे दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले आणि २०१४ मध्ये तेही गेले. या अधीरपणाचे फळ काय, हे दाखवणे सोपे आहे. परंतु २०१८ मध्ये आलेल्या स्कॉट फ्रॉस्ट यांना विद्यापीठाने धीर धरून वाव दिला, कारण ते घरचे होते, १९९७ च्या विजेत्या संघाचे खेळाडू होते. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांना काढले तेव्हा हिशेब होता १६ विजय आणि ३१ पराजय. तेव्हा धीर हा काही सद्गुणच असतो असे नाही. आपल्या माणसाबाबत धीर आणि उपऱ्याबाबत घाई, हा पक्षपातही असू शकतो.

शिवाय अपेक्षा नेमकी कशाची, हे कोणी नीट सांगत नाही. १९८४ च्या जानेवारीत मायामीविरुद्धच्या ऑरेंज बोल सामन्यात अखेरच्या मिनिटात नेब्रास्का ३१–३० असा एका गुणाने मागे होता. चेंडू लाथाडून एक गुण घेतला असता तर बरोबरी, आणि बहुधा अजिंक्यपद. ऑस्बॉर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला, तो फसला आणि सामना गेला. त्या पराभवाने त्यांची प्रतिष्ठा वाढवली. त्याच ऑस्बॉर्न यांनी १९९५ मध्ये, पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केलेल्या लॉरेन्स फिलिप्स या खेळाडूला निलंबनानंतर त्याच हंगामात संघात परत घेतले. तो हंगाम एकही सामना न हरता अजिंक्यपदाने संपला. पहिल्या घटनेची नोंद तक्त्यात पराजय म्हणून आहे, दुसऱ्या वर्षाची विजय म्हणून.

हे सारे मला २००३ मध्येच बऱ्याच अंशी समजले होते, म्हणून पुढची गोष्ट सांगणे अवघड जाते. परतल्यावर काही वर्षांनी विभागप्रमुखपद माझ्याकडे आले. आमच्या एका नामवंत सरांच्या जागी एक तरुण अध्यापक रुजू झाले होते. सरांच्या ज्ञानेश्वरीच्या तासाला इतर शाखांची मुले खिडकीत बसून ऐकत. या तरुणाच्या तासाला निम्मे बाक रिकामे असत. ते सावकाश बोलत, मध्येच थांबत, प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी शोधून आणत. परिवीक्षेच्या दोन वर्षांनंतर अहवालाचा छापील नमुना माझ्यापुढे आला. ‘काम अपेक्षेनुसार आहे / नाही’ या रकान्यात मी ‘आहे’ खोडले. त्यांना कायम करण्यात आले नाही. निरोप घ्यायला आले तेव्हा, ‘बाई, ग्रंथालयाची दोन पुस्तके परत करायची राहिली आहेत, उद्या आणून देतो,’ एवढेच बोलले. दुसऱ्या दिवशी पुस्तके माझ्या टेबलावर होती.

पुढे कार्यालय हलवताना विभागाच्या जुन्या फायली माझ्या हाती लागल्या. सरांच्या तिसऱ्या वर्षाच्या अहवालावर तेव्हाच्या प्राचार्यांचा शेरा होता : ‘आवाज मागपर्यंत पोचत नाही. विद्यार्थी कंटाळतात. आणखी संधी द्यावी.’

त्या तरुणाचे सर झाले असते, असा याचा अर्थ नाही. कदाचित निम्मे बाक रिकामेच राहिले असते. ते कळण्याची सोय माझ्या सहीने संपवली, एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले, तिथे २००५ पासून सोळा हंगाम राहिले आणि ११५ सामने जिंकून २०२१ मध्ये निवृत्त झाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये लिंकनच्या त्याच मैदानावर त्यांना सन्मानाने बोलावण्यात आले. शेजारीणबाई तोवर हयात नव्हत्या. असत्या तर टाळ्या वाजवायला गेल्या असत्या, असे मला वाटते. अलीकडे नव्या अध्यापकांचे अहवाल लिहायचे असले की मी आधी सरांची ती तिसऱ्या वर्षाची फाईल काढून टेबलावर ठेवते. मग पेन उघडते.